गोरेगावच्या पोटात शंखजिरे का नाही

मुंबईच्या उपनगरांत जमिनीला भोकं पाडायची आणि त्यातून वर येणारा दगड वाचायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. टॉवर असो, उड्डाणपूल असो की बोगदा, पायाभरणीच्या आधी रिग येते, हिऱ्याच्या बिटने खडक कापला जातो आणि साधारण साडेपाच सेंटिमीटर जाडीच्या दंडगोल तुकड्यांनी लाकडी पेट्या भरत जातात. या तुकड्यांना आम्ही कोअर म्हणतो. पेटीसमोर उकिडवं बसायचं, कोअर ओला करायचा, भिंगातून बघायचा, फटी मोजायच्या आणि कितव्या मीटरला काय लागलं ते लॉगमध्ये लिहायचं. आरे ते दिंडोशी या पट्ट्यात हे काम इतकी वर्षं केलंय की रिग लागायच्या आधीच खाली काय निघेल याचा अंदाज मनात तयार असतो. काळा घट्ट बसाल्ट, बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला बसाल्ट, लाव्ह्याच्या फुटक्या तुकड्यांचा ब्रेशिया, राखेचा टफ आणि मालाडकडे सरकलं की पिवळसर ट्रॅकाइट. हाच तो मालाड स्टोन. काळ्या घोड्याजवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीच्या भिंती त्याच्याच आहेत.

या सगळ्यात मधूनच एखादा हिरवा पट्टा येतो. कधी वीतभर, कधी हातभर. मऊ, बोटाला बुळबुळीत. ड्रिलर लगेच जाहीर करतो, "मॅडम, सोपस्टोन लागला." साइटवरचा इंजिनिअर खूश होतो, कारण त्याला लॉगमध्ये एक नाव हवं असतं आणि हे नाव त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. "दिसतोय ना मॅडम, लिहून टाका." मी लिहीत नाही. यावरून मला हट्टी, पुस्तकी, कामाचा खोळंबा करणारी अशी विशेषणं मिळालेली आहेत. एका अहवालावर तर माझ्या शेरा-रकान्याशेजारी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून तो परत आला होता.

पण हा नावाचा वाद नाही, भिंत उभी राहण्याचा प्रश्न आहे.

सोपस्टोन, आपल्याकडचं शंखजिरे, हा खडक मुख्यतः टाल्क या खनिजाचा. गोरेगावच्या कोअरमधलं हिरवं प्रकरण असतं ते बहुतेक वेळा स्मेक्टाइट गटातली माती, सेलाडोनाइट किंवा क्लोराइट. दिसायला भाऊबंद, वागायला नाही. ही खनिजं पत्त्यांच्या कॅटासारखी, थरावर थर रचलेली. टाल्कच्या थरांवर विद्युतभार नसतो, त्यामुळे थर एकमेकांवरून सहज सरकतात, पण त्यांच्यामध्ये पाणी शिरत नाही. स्मेक्टाइटच्या थरांवर भार असतो, तो भागवायला मध्ये सोडियम-कॅल्शियम बसलेले असतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. थर फाकतात, माती फुगते. म्हणजे टाल्क असेल तर फटीवरून खडकाची शिळा घसरण्याची भीती. स्मेक्टाइट असेल तर खणताना ठणठणीत दिसणारी भिंत एका रात्रीत सुटते आणि पाऊस लागला की ढकलायला लागते. पहिल्यावर उपाय म्हणजे फटीच्या पलीकडे पोचणारे अँकर. दुसऱ्यावर उपाय म्हणजे पाणी लागू न देणं, उघडी भिंत त्याच दिवशी शॉटक्रीटने, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटने, झाकणं. अँकरवर खर्च करून भिंत पावसाळ्यात उघडी ठेवलीत तर पैसे आणि भिंत दोन्ही गेलं.

पडताळणी अवघड नसते. टपरीवरून काचेचा ग्लास आणायचा, पाणी भरायचं, हिरवा तुकडा सोडायचा आणि घरी जायचं. सकाळी ग्लासाच्या तळाशी चिखल असेल तर ते शंखजिरे नव्हे. शंखजिऱ्याचा तुकडा पाण्यात वर्षभर ठेवला तरी तसाच राहतो. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजतात: टाल्कचं साधारण 9.3 अँगस्ट्रॉम, स्मेक्टाइटचं 14-15, आणि ग्लायकॉलची वाफ दिली की ते फुगून 17 च्या आसपास जातं. टाल्क ढिम्म हलत नाही. प्रयोगशाळेचा कागद जोडला की इंजिनिअर वाद घालत नाही. ग्लास दाखवला की मात्र हसतो. मला स्वतःला ग्लासच जास्त पटतो.

तीन मजली पार्किंगसाठी खणलेल्या एका खड्ड्यात असाच पट्टा भिंतीच्या मध्यावर आडवा आला होता. मे महिना संपत आलेला. कंत्राटदाराच्या वेळापत्रकात आधी संपूर्ण खोदाई आणि मग अस्तर असा क्रम होता. तो उलटा करून घ्यायला मला जितकं बोलावं लागलं तितकं मी एरवी महिनाभरात बोलत नाही. शेवटी एक-एक टप्पा खणायचा, लगेच शॉटक्रीट मारायचं, पाणी बाहेर पडायला पाइप ठेवायचे, असं ठरलं. जूनमध्ये त्या पाइपांतून हिरवट पाणी येत राहिलं. भिंत जागेवर राहिली.

मग प्रश्न उरतो तो असा की गोरेगावात शंखजिरे का नाही? इथे लाव्हा आहे, गरम पाणी त्यातून फिरलेलं आहे, हिरवी खनिजं आहेत. जगातलं उत्तम शंखजिरे पुष्कळदा जुन्या ज्वालामुखी खडकांतच सापडतं. मग इथेच माशी कुठे शिंकली?

पहिलं कारण मॅग्नेशियम. टाल्क म्हणजे मॅग्नेशियम, सिलिका आणि थोडं पाणी. दख्खनच्या साध्या बसाल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड शेकडा पाच-सहा-सातच्या घरात असतं, आणि त्याबरोबर भरपूर ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह. हा बसाल्ट बदलला तर मॅग्नेशियम ॲल्युमिनियमच्या संगतीने क्लोराइटमध्ये किंवा स्मेक्टाइटमध्ये जाऊन बसतं. टाल्क व्हायला शुद्ध मॅग्नेशियमचा पुरवठा उरतच नाही. मालाडच्या ट्रॅकाइटमध्ये तर मॅग्नेशियम नावालाच.

दुसरं कारण उष्णता आणि दाब. गोरेगावचे थर कधी खोल गाडले गेले नाहीत. त्यांना समुद्राकडे कलण्यापलीकडे फारसं काही सोसावं लागलेलं नाही. पनवेलच्या वाकणापासून पश्चिमेला हे थर अरबी समुद्राकडे झुकतात, तेवढंच. त्यांच्यातून फिरलेलं पाणी गरम होतं, पण झिओलाइट आणि प्रेहनाइट बनवण्याइतपत. त्या पाण्याने काय काय केलं ते बघायचं तर मालाड आणि कांदिवलीच्या जुन्या खाणी. फिकट हिरवे प्रेहनाइटचे घोस, लोमोंटाइटच्या काड्यांवर प्रेहनाइट चढून आतली काडी नाहीशी झाल्यावर उरलेली पोकळ बोटं, कापसाच्या गोळ्यासारखं दिसणारं ओकेनाइट, जायरोलाइट, काळं चकचकीत बॅबिंग्टोनाइट. परदेशातल्या संग्रहांत 'मालाड', 'खांडिवली' अशा चिठ्ठ्या लावलेले नमुने आहेत. आपल्याकडे त्या खाणींवर इमारती आहेत आणि त्यांतल्या रहिवाशांना याचा पत्ता नाही.

तिसरं कारण काळ. सह्याद्रीतला लाव्ह्यांचा मुख्य थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबईचे खडक त्याहूनही तरुण. मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइटचं वय 2001 मध्ये आर्गॉन पद्धतीने काढलं गेलं तेव्हा ते 6 ते 6.2 कोटींच्या दरम्यान आलं. नुसत्या वयाने टाल्क होत नाही हे खरं. पण जास्त वय म्हणजे गाडलं जाण्याच्या, दुमडलं जाण्याच्या, पुन्हा तापण्याच्या जास्त संधी. आमच्या थरांना त्या संधी मिळालेल्या नाहीत.

मुंबईच्या या खडकांकडे बारकाईने बघणाऱ्यांत सेंट झेवियर्स कॉलेजचे प्रा. रु. न. सुखेश्वाला यांचं नाव घ्यावंच लागतं. पोल्डरव्हार्ट यांच्यासोबत 1958 मध्ये त्यांनी मुंबई परिसरातल्या बसाल्टवर शोधनिबंध लिहिला, आणि पुढे बसाल्टचा स्पिलाइट कसा होतो हा त्यांचा आवडीचा विषय राहिला. पाण्यात शिरलेला लाव्हा, त्यात सोडियम वाढलेलं, फेल्डस्पार अल्बाइट झालेला, सगळ्यावर क्लोराइटची हिरवट झाक. बसाल्टच्या बदलाची मुंबईतली मजल इथपर्यंत. ती टाल्कपर्यंत जात नाही. आम्ही शिकत असताना सर हयात असते तर ड्रिलरच्या 'सोपस्टोन'वर काय म्हणाले असते, असा विचार माझ्या मनात येतो आणि मी लॉगमध्ये आणखी एक ओळ खरडते.

खरं शंखजिरे मला भेटलं ते माझ्या आजोळी, कणकवलीकडे. गोरेगावातल्या निम्म्या चाळी गणपतीला ज्या दिशेने रिकाम्या होतात त्याच दिशेला.

सिंधुदुर्गात खडक बघणं हे चिकाटीचं काम आहे. वर जांभा, त्यावर काजू-आंबा, आणि उरलेल्या जागी रान. जांभ्याच्या टोपीखाली काय दडलंय ते कळतं फक्त विहिरीत, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात आणि वैशाखात पाणी आटलेल्या ओढ्यात. तिथे दख्खनचा लाव्हा पूर्वेला, घाटाच्या भिंतीत राहतो. खाली येऊन गडनदीच्या खोऱ्यात पाय ठेवला की आपण अचानक 250 कोटी वर्षांहून जुन्या जगात असतो. शिस्ट, नाइस, त्यांच्यावर कुठे कुठे कलादगीचे क्वार्टझाइट. अगदी कणकवलीलगत जानवली आणि वागदे परिसरात अल्ट्रामॅफिक खडकांचे तुकडे आहेत. सिलिका कमी, मॅग्नेशियम प्रचंड. त्यांच्यातल्या क्रोमाइटमुळे भूवैज्ञानिकांना ही नावं पाठ असतात. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना ती फक्त पाट्यांवर दिसतात.

ओढ्यात उतरले तेव्हा बरोबर एक शेतकरी होते, मामाच्या ओळखीचे. मी हातोडा मारत होते, ते बांधावर बसून बघत होते. एका शिळेपाशी आल्यावर ते म्हणाले, "हेच्यार कोयतो घासूक जाव नको, दगडच झिजता." आमच्या पाठ्यपुस्तकातली कठिनतेची चाचणी त्यांनी एका वाक्यात उरकली. मोह्सच्या मापात टाल्क 1 वर, नख अडीचच्या आसपास, पोलाद साडेपाचला. मी नख ओढलं. पांढरी रेघ उठली. राखाडी-हिरवा रंग, मोत्यासारखी चमक, आणि हाताला तो तुळतुळीत स्पर्श, जो एकदा कळला की परत कधी विसरत नाही. वरच्या बाजूला खडकाला तपकिरी खळगे पडले होते. ते कार्बोनेटचे दाणे, पावसाने विरघळून गेलेले आणि जाताना लोखंडाचा गंज ठेवून गेलेले.

हा तपकिरी खळग्यांचा पृष्ठभागच सगळी गोष्ट सांगतो. अल्ट्रामॅफिक खडक मुळात ऑलिव्हीन आणि पायरोक्झीनचा. जमिनीत पाणी शिरलं की ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन होतं: काळपट हिरवं, मेणचट. मग पुढच्या कुठल्या तरी युगात, पर्वत घडत असताना, खोलातून कार्बन डायऑक्साइड घेऊन गरम पाणी येतं. दोन वाटे सर्पेंटाइन आणि तीन वाटे कार्बन डायऑक्साइड, यातून एक वाटा टाल्क, तीन वाटे मॅग्नेसाइट आणि तीन वाटे पाणी. अर्धं मॅग्नेशियम कार्बोनेटमध्ये गेलं, उरलेलं सिलिकेच्या संगतीने टाल्कमध्ये. समीकरण दोन्ही बाजूंनी नीट जुळतं. कॉलेजात ते फळ्यावर लिहून काढलं होतं तेव्हा कंटाळा आला होता. ओढ्यात त्याच समीकरणाची डावी आणि उजवी बाजू माझ्यापासून पन्नास पावलांच्या अंतरात समोर पडलेली होती: वरच्या अंगाला सर्पेंटाइनचा काळा खडक, त्यातून केसासारख्या बारीक तंतूंच्या शिरा, आणि खालच्या अंगाला, जिथे खडक दाबाने चिरडलेला होता तिथे, शंखजिरे. पाणी फटीतूनच शिरणार. म्हणून शंखजिरे पट्ट्यापट्ट्यांनी असतं, चिरडलेल्या भागाला धरून. सगळा डोंगर शंखजिऱ्याचा कधी नसतो.

त्या तंतूंना हात लावू नका, एवढं मी शेतकरी काकांना सांगितलं. सर्पेंटाइनचे तंतू म्हणजे ॲस्बेस्टॉसची जात, आणि अल्ट्रामॅफिकमधल्या टाल्कच्या शेजारी ती असू शकते. टाल्कच्या पावडरीवरून जगभर जी कज्जेदलाली झाली तिच्या मुळाशी हे शेजारपण आहे. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कलाही 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. खडक हातात धरणाऱ्याला नव्हे, पण त्याचा धुरळा रोज हुंगणाऱ्याला, म्हणजे दळणाऱ्या कामगाराला, याची आधी काळजी करायला हवी.

काळे, हट्टी दाणे मात्र त्या शंखजिऱ्यातही तसेच होते. क्रोमाइट. बाकी सगळं बदललं तरी क्रोमाइट सहसा दाद देत नाही, आणि निकेलही खडकात बऱ्यापैकी शिल्लक राहतं. त्यामुळे शंखजिऱ्याचं पूर्वायुष्य शोधता येतं. टाल्क डोलोमाइटपासूनही होतं, तसे मोठे साठे राजस्थानात आहेत. पण त्यात क्रोमियम-निकेल नसतं. दिसायला एकसारखी पांढरी पावडर, आणि वंश अगदी वेगळे.

कणकवलीचा अल्ट्रामॅफिक बहुधा लाव्हा म्हणून वाहिला नाही, जमिनीखालीच थिजला. वाहिलेला बघायचा तर कर्नाटकात जावं लागतं. चित्रदुर्गाच्या पट्ट्यात घट्टिहोसहळ्ळीला कोमाटिआइट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून 1969 मध्ये नाव पडलेला हा लाव्हा आज पृथ्वीवर कुठेच वाहत नाही. त्याला सोळाशे अंश लागत. आपला दख्खनचा बसाल्ट साधारण बाराशेला वाहिला. कोमाटिआइटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड 18 टक्क्यांहून जास्त. तेव्हा पृथ्वीचं पोट इतकं तापलेलं होतं. असा लाव्हा झटकन थिजला की त्यात ऑलिव्हीनची लांबलचक पाती एकमेकांत घुसलेली दिसतात. विद्यार्थिदशेतल्या सहलीत मी ती पाहिली, तेव्हा ऑलिव्हीन केव्हाच गेलेलं होतं; जागी टाल्क, ट्रेमोलाइट, सर्पेंटाइन. पण पात्यांचा आकार जसाच्या तसा. 300 कोटी वर्षांहूनही आधी झटकन थिजलेला नमुना, मऊ खनिजात उतरलेला. गोरेगावची माझी सगळी पेट्यांची रास एका बाजूला आणि तो एक दगड दुसऱ्या बाजूला ठेवला तर मी दगड उचलेन, हे माझ्या ऑफिसने वाचू नये.

अशी जागा जगात एकच नाही. फिनलंडच्या पूर्वेला युका भागात 280 कोटी वर्षांच्या आसपासच्या ज्वालामुखी पट्ट्यात टाल्क-मॅग्नेसाइटचा खडक आहे आणि तिथे त्याच्या शेगड्या बनवतात. संध्याकाळी लाकडं जाळायची, रात्रभर दगड ऊब सोडतो. रिओच्या डोंगरावरचा 1931 चा ख्रिस्ताचा पुतळा बाहेरून शंखजिऱ्याच्या लहान त्रिकोणी तुकड्यांनी मढवलेला आहे. इतका मऊ दगड उघड्या डोंगरमाथ्यावर का, तर मऊ असला तरी रासायनिकदृष्ट्या तो कोणाशी बोलत नाही. आम्लपावसाशीही नाही.

बांगूरनगरला एका मैत्रिणीच्या सासूबाई राहतात. आम्ही सगळ्या त्यांना मामी म्हणतो. त्यांनी माटुंग्याहून कलचट्टी आणली, म्हणजे शंखजिऱ्याचं भांडं, आणि सुनेने घाईत ते थेट मोठ्या आचेवर चढवलं. तडा गेला. मामींनी मला फोन करून विचारलं, "तू दगडांची डॉक्टर ना, हे शिवता येईल का?" शिवता येत नाही. पण का फुटलं ते सांगता येतं. भांडं कोरल्यानंतरही खडकात बारीक फटी आणि कार्बोनेटचे दाणे असतात, फटींत पाणी असतं. एकदम तापवलं तर पाण्याची वाफ होते, टाल्क आणि कार्बोनेट वेगवेगळ्या मापाने पसरतात, आणि जिथे थर एका दिशेने आहेत तिथे भांडं उलगडतं. म्हणून मामींच्या माहेरची रीत: आधी तेल-हळद चोळून ठेवायचं, मग रोज भाताची गरम पेज ओतून ठेवायची, मग मंद आच, मग थोडी जास्त. तेल आणि पिष्ट फटींत जाऊन बसतात. पुस्तकात मला हे कोणी शिकवलं नव्हतं. कारण मात्र पुस्तकातूनच काढता आलं. आणि एकदा भांडं मुरलं की आंबट-चिंचेचं काहीही शिजवा, त्याला भांड्याची चव लागत नाही. सांबार गॅस बंद केल्यावरही खदखदत राहतं.

आणखी जास्त तापवलं तर? 900 अंशांच्या पुढे टाल्कमधलं पाणी उडून जातं आणि त्याचं एन्स्टॅटाइट होतं. नखाने ओरखडणारा दगड एकदम काचेच्या बरोबरीला कठीण. हडप्पाकाळातल्या कारागिरांनी हे पक्कं ओळखलं होतं. मऊ असताना मुद्रेवर बैल आणि लिपी कोरायची, नंतर भाजायची. मुद्रा पांढरी आणि टणक होऊन बाहेर येते. गोरेगावच्या उद्योगनगरातल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत वेल्डर लोखंडावर रेघ मारायला जी चपटी पांढरी कांडी वापरतात, तीही शंखजिऱ्याचीच. पत्रा लाल झाला तरी रेघ पुसत नाही.

आमच्या सोसायटीच्या लॉबीत हिरवा मार्बल आहे. मार्बल तो मुळीच नाही. उदयपूरकडच्या केसरियाजीचा सर्पेंटाइन आहे, म्हणजे वर सांगितलेल्या समीकरणाची डावी बाजू. बिल्डरच्या माणसाने तो साध्या सिमेंटच्या ओल्या थरावर बसवला आणि दोन पावसाळ्यांत लाद्यांच्या कडा वर आल्या. सर्पेंटाइनच्या पातळ लाद्या पाण्याने वाकतात, त्यांना इपॉक्सी लागतं, हे मार्बलवाल्यांना माहीत असतं. मला सभेत विचारलं गेलं तेव्हा मी दोन मिनिटांत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही आधी सांगायचं ना." आधी कोणी विचारलं नव्हतं.

कोरीव कामाचं बोलल्याशिवाय शंखजिऱ्याचं बोलणं संपत नाही. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 चं, शिलाहारांचं, बसाल्टचं. त्यावरची शिल्पं सुंदर आहेत, पण जवळ जाऊन बघितली की कळतं, छिन्नीने दगडाशी तह केलेला आहे: आकार भरीव, खोली मर्यादित. बेलूर 1117 चं, हळेबीडू 1121 चं. तिथे दागिन्याच्या साखळीची एकेक कडी सुटी आहे, खांब लेथवर फिरवल्यासारखे गोल. ते कारागीर जास्त हुशार होते असं मला वाटत नाही. त्यांच्या पायाखाली धारवाडचा शिस्ट होता, क्लोराइट आणि टाल्कचा. आमच्या पायाखाली बसाल्ट. 2023 मध्ये ही होयसळ मंदिरं जागतिक वारशात गेली तेव्हा शिल्पकारांचं कौतुक झालं, ते योग्यच. दगडाचं कोणी केलं नाही.

आणि गोव्यात तांबडी सुर्ला. कदंबकाळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं छोटंसं महादेवाचं देऊळ, घाटाच्या पायथ्याच्या रानात. अनेक लिखाणांत त्याचा दगड 'बसाल्ट' म्हणून सांगतात, आणि तो घाटावरून वाहून आणला असंही. मी तिथे गेले तेव्हा छताच्या कमळाकडे बराच वेळ मान वर करून बघत राहिले. पाकळ्यांच्या कडा इतक्या पातळ बसाल्टमध्ये निघत नाहीत. रंग राखाडी-काळा, पण उन्हात त्याला हिरवट झाक येते आणि कडेला ती ओळखीची मऊ चमक. तो टाल्क-क्लोराइटचा दगड आहे, आणि हे म्हणणारी मी पहिली नाही.

घाटावरून आणल्याची गोष्ट मात्र मला सहज पटत नाही. घाटावर त्या बाजूला शिस्ट आहेच, पण गोव्याच्या स्वतःच्या धारवाड पट्ट्यात, बार्सेच्या ज्वालामुखी थरांत, टाल्क-क्लोराइट शिस्ट आहे. अनमोड घाटातलं नाइस तर सुमारे 340 कोटी वर्षांचं, म्हणजे तो सगळा परिसरच जुन्या खडकांचा. बैलगाडीने घाट उतरवण्याआधी कारागिराने आजूबाजूचे ओढे पाहिले नसतील? मंदिरातल्या डोकं नसलेल्या नंदीपाशी बसून गाइड काही पर्यटकांना वाहतुकीची कथा रंगवून सांगत होता. मी मध्ये बोलले नाही.

प्रश्न सुटण्यासारखा आहे. देवळाच्या आवारात निखळून पडलेल्या एखाद्या कपचीचा नखाएवढा तुकडा, त्याची पातळ चकती, क्रोमियम-निकेलची मोजणी, आणि तेच सगळं बार्सेच्या शिस्टचं आणि घाटावरच्या शिस्टचं. दोन्हीकडच्या नमुन्यांसाठी मला ओढे माहीत आहेत. देवळाच्या तुकड्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. अर्जाचा मसुदा तयार आहे. 'अर्जदाराची संस्था' या रकान्यात काय लिहायचं तेवढं ठरायचं आहे, कारण माझी संस्था म्हणजे गोरेगावातलं एक दोन खोल्यांचं ऑफिस आणि गॅलरीत रचलेल्या कोअरच्या पेट्या.